रविवार कुणाचा?

जळगावात खोली घेऊन शिकणाऱ्या मुलाचा रविवार नऊला उजाडतो. डोळे नीट उघडायच्या आधी हात मोबाइलकडे जातो. मग कोपऱ्यावरचे पोहे, दुपारी शेवभाजी, पंख्याखाली लोळणं, ऊन उतरलं की मेहरूण तलावावर चक्कर. गावाकडून वडिलांचा फोन आला की उत्तर ठरलेलं : "अभ्यास चाललाय."

अशा मुलाला उपदेश करताना कुणीतरी प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाचा दाखला देतंच. तिथे सातव्या वर्षी मुलाला घरातून काढून तुकडीत घालत. वर्षाला एकच वस्त्र, पाय अनवाणी, जेवण मुद्दाम अपुरं. अंथरायला नदीकाठचा बोरू, तोही हातांनी मोडून आणायचा. ऐकायला भारी वाटतं. पण या कडक नागरिकांची शेती हेलॉट नावाचे गुलाम कसत. नांगर धरणं, धंदा करणं हे स्पार्टनांचं कामच नव्हे. शिस्त हुकमाची आणि पोटाला दुसऱ्याचा घाम.

शिस्तीचा दुसरा नमुना आपल्या अमळनेरचा आहे. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथलं छात्रालयही त्यांनी सांभाळलं. मुलांनी तशीच टाकलेली अंथरुणं ते स्वतः आवरत, खोल्या झाडत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. आपली वळकटी गुरुजींनी बांधलेली पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी लोळत पडायचा धीर कुणाला होणार? छडीची गरजच उरत नाही.

पुढे १९३२ मध्ये गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते. उठणं, जेवणं, काम सगळं सरकारच्या घंटेवर. तरी २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी विनोबा कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय उलगडून सांगत आणि गुरुजी ते भराभर उतरवून घेत. अठरा अध्याय, अठरा रविवार. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक उभं राहिलं. घंटा सरकारची होती, त्या बैठकीची ओढ मात्र त्यांची स्वतःची.

तेव्हा मित्रा, आज उशिरा उठलास म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. पोहे खा, तलावावरही जा. फक्त कुणी सांगितला नाही आणि कुणी तपासणार नाही, असा एक तास आज स्वतःसाठी राख. आणि त्याआधी अंथरुणाची घडी घाल. ती घालायला गुरुजी येणार नाहीत.