बाथच्या बाईचा कान

बायकोवर विनोद करणं हा पुरुषांचा फार जुना घरगुती उद्योग आहे. भांडवल लागत नाही, कच्चा माल घरातच असतो आणि गिऱ्हाईक, म्हणजे दुसऱ्यांचे नवरे, कधी कमी पडत नाही. लग्नाच्या पंगतीत, निरोपसमारंभाच्या भाषणात, दिवाळी अंकातल्या व्यंगचित्रात ती लाटणं घेऊन उभी आणि तो कॉटखाली बसलेला. एखादी बाई हसली नाही, तर ‘वहिनींना विनोद कळत नाही’ असं म्हणायची सोयही पूर्वजांनी करून ठेवलेली आहे.

पण या हसण्यात काही वाईट आहे का? प्रश्न साधा दिसतो. पण नीतिशास्त्राचे ग्रंथ तो सोडवत नाहीत, कारण ते लिहिणाऱ्यांना हसू येत असल्याचा पुरावा मिळत नाही. म्हणून मी एका बाईकडे गेलो. ती इंग्लंडातल्या बाथ गावाजवळची. वय सहाशेच्या वर. नवरे पाच.

ही बाई जॉफ्री चॉसरची. चॉसर म्हणजे लंडनच्या एका दारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा. १३७४ ते १३८६ अशी बारा वर्षं त्यानं लंडन बंदरात लोकरीच्या जकातीवर देखरेख करण्यात घालवली. जकात खात्यात बारा वर्षं काढूनही ज्याचं माणसांवरचं प्रेम शाबूत राहतं, तो कवी मोठा असणारच. १३८७च्या सुमाराला त्यानं ‘कँटरबरी टेल्स’ लिहायला घेतलं आणि १४०० साली तो वारला तेव्हा ते अपुरंच होतं. टॉमस बेकेट या संताच्या दर्शनाला यात्रेकरूंचा मेळा निघालाय आणि वाट सरावी म्हणून प्रत्येक जण गोष्ट सांगतोय. आपली वारीच म्हणा. फक्त पायांऐवजी घोडे आणि अभंगांऐवजी, कधीकधी, बायकामुलांत सांगू नयेत असल्या गोष्टी.

त्या मेळ्यात ही आहे. लालभडक मोजे, ढालीएवढी टोपी, पुढच्या दातांत फट. कापड विणण्यात युरोपातल्या नामांकित विणकरांना मागं टाकील असा हात. तीनदा जेरुसलेमला जाऊन आलेली. आणि कानानं जराशी कमी. चॉसर तिची ओळख करून देतो तेव्हा बहिरेपणाचा उल्लेख दुसऱ्याच ओळीत येतो. आपण हसतो आणि पुढं जातो. बहिरी माणसं गोष्टीत असतातच. नाटकातसुद्धा एक लागतो.

मग ती बोलायला लागते आणि थांबत नाही. पहिलं लग्न बाराव्या वर्षी. पहिले तीन नवरे म्हातारे आणि पैसेवाले. त्यांना ‘तुम्ही काल पिऊन मला असं असं बोललात’ असं खोटंच सांगून तिनं कसं नाचवलं, ते ती अभिमानानं सांगते. चाळिशीत पाचवा केला. तो वीस वर्षांचा, ऑक्सफर्डला शिकलेला. नाव जँकिन. शिकलेला नवरा करावा तर त्याचं एक वाईट असतं. तो वाचतो.

जँकिनजवळ एक जाडजूड बाड होतं. दुष्ट बायकांबद्दल आजवर जे जे लिहिलं गेलं ते ते त्यात एकत्र बांधलेलं: संत जेरोम, थिओफ्रास्टस, आणखी कोण कोण. अॅडमला बुडवणारी ईव्ह, सॅम्सनचे केस कापून घेणारी दलीला, सॉक्रेटिसच्या डोक्यावर नको ते ओतणारी झांटिपी. त्या काळी छापखाना नव्हता. असली बाडं हातानं लिहायची, आणि लिहिणारे बहुतेक मठातले किंवा चर्चमधले, म्हणजे लग्नाशी संबंध नसलेले. पोहता न येणाऱ्यांनी नदीला नावं ठेवावीत, तसा प्रकार. जँकिन रोज रात्री शेकोटीपाशी बसून त्यातलं बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि स्वतःच हसायचा.

झांटिपीपाशी मी जरा थांबलो, कारण ही बाई आपल्याही ओळखीची आहे. मराठी वक्ता सॉक्रेटिसची बायको काढतो आणि त्याच श्वासात तुकोबांची जिजाई काढतो. थोर नवऱ्याला कजाग बायको, म्हणून तो थोर, असा हिशेब. भंडाऱ्याच्या डोंगरावर उन्हातान्हात भाकरी घेऊन जाणाऱ्या बाईनं घरातल्या रिकाम्या मडक्याबद्दल काय म्हणायचं असतं, ते कोणी विचारत नाही. जँकिनचं बाड चौदाव्या शतकातलं असलं तरी त्याच्या आवृत्त्या अजून निघताहेत.

एके रात्री बाथच्या बाईला ते असह्य झालं. तिनं बाडातली तीन पानं टरकन फाडली आणि नवऱ्याच्या गालावर असा ठोसा लगावला की तो शेकोटीत पडला. त्यानं उठून तिच्या डोक्यात हाणली. ती निपचित पडली. तो घाबरला. पुढं समेट झाला. घराचा आणि जमिनीचा कारभार त्यानं तिच्या हाती दिला, आणि ते बाड तिनं त्यालाच जाळायला लावलं.

हे सगळं मी आमच्या घरी रंगवून सांगितलं. भाजी निवडता निवडता बायको ऐकत होती. म्हणाली, “बरं झालं. पुस्तक जळलं ना?”

“जळलं की.”

“आणि कान?”

“अगं, कान कसा परत येणार?”

“तेच म्हणत्येय मी,” ती म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली.

चॉसरची सगळी करामत त्या कानात आहे. सुरुवातीला आपण ज्याला गंमत समजून पुढं गेलो, तो बहिरेपणा एका विनोदी पुस्तकाची किंमत होती, हे शेकडो ओळींनंतर कळतं. पुस्तकाची वसुली कानातून झाली होती.

ही बाई एक जुनी गोष्टही आठवून देते. माणसानं सिंहाला मारल्याचं चित्र बघून सिंहानं विचारलं, हे काढलं कोणी? सिंहांनी चित्रं काढली असती तर? प्रश्न बिनतोड आहे. अडचण एवढीच, की हा प्रश्न विचारणारी सिंहीणसुद्धा माणसानंच काढलेली आहे. तिची बडबड, तिचे खोटे आरोप, सगळं रंगसामान जँकिनच्या बाडातून उसनं आणलेलं. चॉसर बायकांच्या बाजूचा की त्यांची टर उडवणारा, यावर पंडितांचं भांडण म्हणूनच चालू आहे. मी पंडित नाही. मी कानाकडे बघतो. नुसती टर उडवायची असती, तर कान का फुटला हे सांगायची गरज नव्हती.

फरक कळायला शेजारच्या स्कॉटलंडात जावं. विल्यम डनबर नावाच्या कवीचं दोन सवाष्णी आणि एका विधवेवरचं काव्य १५०८च्या सुमाराला छापलं गेलं. मध्यरात्री तिघी बागेत बसून पीत नवऱ्यांची लक्तरं काढताहेत आणि कविमहाराज झाडीत लपून ऐकताहेत. शेवटी ते वाचकांना विचारतात, यातली कोणती बायको म्हणून पसंत कराल? भाषा चोख, विनोद झणझणीत. पण त्या तिघींना तो तिथं आहे हे ठाऊकच नाही. बाथची बाई निदान वीसएक पुरुषांच्या तोंडावर बोलते. त्यांच्यातला एक मध्येच तोंड घालतो, तर त्याला गप्पही करते.

खऱ्या सिंहिणीनं कुंचला घेतला तो फ्रान्समध्ये. क्रिस्तीन द पिझाँ पंचविशीत विधवा झाली. पदरात तीन मुलं आणि आई. लेखणीवर तिनं घर चालवलं. १४०५ सालच्या तिच्या पुस्तकाची सुरुवात मला फार आवडते. बायकांची निंदा करणारं एक बाड ती चाळायला घेते, तेवढ्यात आई जेवायला हाक मारते. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते आणि खचून जाते: एवढे विद्वान म्हणतात, तर आपली जातच वाईट असेल का? मग ती कर्तबगार बायकांचं एक अख्खं शहर कल्पनेत बांधते, तटबंदीसकट. त्यात विनोद फारसा नाही. रोज रात्री कोणी आपल्याला असलं बाड वाचून दाखवलं, तर आपलीही विनोदबुद्धी किती टिकेल याची मला शंका आहे.

तेव्हा बायकोवर हसावं की नाही? हसावं. बाथची बाई स्वतःवरही हसते, आणि तिच्या हसण्यात जँकिनची पन्नास पानं वाहून जातील. पण झाडीत बसून हसू नये. जिच्यावर हसायचं ती समोर असावी आणि तिला उत्तर द्यायची मुभा असावी. रोज तर नकोच. एकदा सांगितलेला विनोद विनोद असतो; रोज रात्री सांगितलेला हळूहळू कायदा होतो.

राहता राहिला तो कान. डावा की उजवा, हे चॉसरनं सांगितलेलं नाही. त्यामुळे पंगतीत झांटिपीची गोष्ट काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंना कोण बसलंय, ते बघून घेतलेलं बरं.