शंकासमाधान : घर, देऊळ आणि अपुरा विश्वास

शंका : आम्ही मूळचे अहमदनगरचे, आता बेंगळुरूला यशवंतपूरला राहतो. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या आहेत. रविवारी कुणीतरी घरी थांबावं लागतं आणि बहुधा मीच थांबते. मंडळीतल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, तू देवापेक्षा घर मोठं केलंस. मी शब्बाथाची आज्ञा मोडते आहे का?

समाधान : नाही, ताई. आम्हा लूथरन लोकांच्या गणतीत शब्बाथाची आज्ञा तिसरी आणि आईबापांचा मान राखण्याची चौथी. दोन्ही एकाच देवाने दिल्या. एक पाळण्यासाठी दुसरी मोडावी असं त्याने कुठे सांगितलेलं नाही. उलट मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू कुणावर रागावला ते पाहा. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं आहे, असं सांगून जे हात झटकत होते त्यांच्यावर. तुम्ही सासूबाईंची कूस बदलता, त्यांना भरवता, ती सेवा देव स्वीकारतो. आपल्या सत्कर्मांची गरज देवाला नसते, शेजाऱ्याला असते, हे लूथरच्या शिकवणीचं सार आहे. तुमची सगळ्यांत जवळची शेजारीण पलीकडच्या खोलीत आहे.

पण तुमच्या पत्रातल्या ‘बहुधा मीच’ या दोन शब्दांपाशी मी थांबलो. लूथरने 1522 साली विवाहावर एक पुस्तिका लिहिली. बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाला लोक हसले तरी देव त्या कामावर प्रसन्न असतो, असं त्याने तीत सांगितलं. ते वाक्य बापाविषयी आहे, हे लक्षात घ्या. आईची सेवा करण्याचा पहिला हक्क मुलाचा. एक रविवार यजमानांनी थांबावं, एक तुम्ही. हे पत्र त्यांनाही वाचायला द्या. आणि तुमच्या पाळकांना प्रभुभोजन घेऊन घरी यायला सांगा. सासूबाईंनाही त्याची भूक असेल, हे आपण सगळे विसरतो.

शंका : आमची नऊ वर्षांची मुलगी रक्ताच्या कर्करोगाने गेली. एका प्रार्थनासभेत आम्हाला सांगण्यात आलं, की आईबापांचा विश्वास कमी पडला, घरात काही लपवलेलं पाप असेल. तेव्हापासून बायबल उघडवत नाही.

समाधान : जे तुम्हाला सांगितलं गेलं ते खोटं आहे. त्याला सौम्य शब्द मी वापरणार नाही.

जन्मांध माणूस दिसताच शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता : पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभूने दोघांनाही दोषातून मोकळं केलं (योहान, अध्याय 9). पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला. पौलाचा विश्वास कमी होता, असं म्हणायला कुणाची जीभ धजेल का? आणि मार्कच्या नवव्या अध्यायातला तो आजारी मुलाचा बाप. त्याने आपला विश्वास अर्धामुर्धा आहे हे भर गर्दीत कबूल केलं. प्रभूने त्याला आधी विश्वास पुरा करून ये, असं सांगून परत पाठवलं नाही.

विश्वास ही देवाला भरायची किंमत नव्हे. तो रिकामा हात आहे. त्यात जे पडतं ते कृपेने पडतं. तुमच्यापुढे बोलणाऱ्याने सुवार्तेचं नियमशास्त्र करून टाकलं आणि ते लेकरू गमावलेल्या आईबापांच्या डोक्यावर ठेवलं.

लूथरची मुलगी माग्दालेना 1542 च्या सप्टेंबरमध्ये गेली. तेरा वर्षांची होती. त्याआधी 1528 साली तान्ही एलिझाबेथ गेली होती. ज्या माणसाने आयुष्यभर विश्वासावर उपदेश केला, त्याने माग्दालेनानंतर मित्राला कळवलं, की आम्ही नवराबायकोने देवाचे आभार मानायला हवेत हे कळतं, पण रडल्यावाचून ते होत नाही. पुनरुत्थानाची खात्री होती आणि हुंदकाही आवरत नव्हता. 1518 मध्ये हायडेलबर्गच्या वादसभेत त्यानेच मांडलं होतं, की वधस्तंभापाशी उभा राहणारा माणूस गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो. म्हणून दुःखाला दुःखच म्हणा. त्याच्यावर ‘देवाची योजना’ असा कागद चिकटवायची घाई करू नका. दुसऱ्या कुणी केली तर त्यांना थांबवा.

बायबल उघडवत नसेल तर आज उघडू नका. पुढे कधी हात गेला तर 88 वं स्तोत्र काढा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही, आणि तरी मंडळीने ते पवित्र शास्त्रात ठेवलं. तोवर तुमच्या वतीने प्रार्थना इतरांनी करावी. पक्षाघाती माणसाला खाटेसकट चौघांनी उचलून आणलं, तेव्हा प्रभूने पाहिला तो त्या आणणाऱ्यांचा विश्वास. तुम्हा दोघांना भेटायला मी केव्हाही येईन. काही बोलायला हवंच असं नाही.

शंका : माझे यजमान हिंदू आहेत, लग्न विशेष विवाह कायद्याने झालं. घरी गणपती बसतो. मी मोदक करावेत का? आणि यजमानांनी बाप्तिस्मा घ्यावा म्हणून किती आग्रह धरावा?

समाधान : पूजा तुम्ही करू नका, हे यजमानांना प्रेमाने आणि एकदाच स्पष्ट सांगा. स्वयंपाकाचं उत्तर मी तितक्या ठामपणे देणार नाही. पौल करिंथकरांना सांगतो, की मूर्ती काहीच नाही, पण कुणाचं दुबळं मन ठेचाळत असेल तर ताटातलं दूर सारावं. तुमचं मन टोचत नसेल, तर घरच्या पाहुण्यांसाठी मोदक वळण्यात मला पाप दिसत नाही. टोचत असेल तर करू नका. नामानाची गोष्ट वाचा (2 राजे, अध्याय 5). धन्याला हात देऊन रिम्मोनाच्या देवळात वाकावं लागेल, याची त्याला भीती होती. अलीशाने त्याला शांतीने जा म्हटलं.

आग्रह मात्र सोडा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या संसारावर आकाश कोसळलं. त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या. सोवळंओवळं आणि जातपात यांचा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ आपल्या घरात बहुधा असतं, पण ते साहित्य म्हणून वाचलं जातं. नवराबायकोने मिळून वाचावं असं ते पुस्तक आहे. पेत्रानेही बायकांना नवऱ्याला शब्दांवाचून, वागण्यातून जिंकायला सांगितलं. रविवारी सकाळी चर्चला जाताना यजमानांना ‘येता का?’ असं जरूर विचारा. नाही म्हणाले तर त्यांचा चहा करून ठेवा आणि निघा.