कर्त्यावाचून दंश

काइटसर्फिंगमध्ये, म्हणजे पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून धावण्याच्या खेळात, जेलीफिशचा दंश हा अनेक किनाऱ्यांवर ओळखीचा धोका आहे. त्याचे कारण खेळाच्या रीतीतच आहे. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा खेळाडूला आत ओढून नेतो, म्हणून तो टाळला जातो. हवा असतो तो किनाऱ्याकडे तिरका येणारा वारा. पाण्यावर तरंगणारे जीवही हाच वारा किनाऱ्याला आणून लावतो. पावसाळ्यात मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर येणारी ब्लू बॉटल त्यांपैकीच. तिच्या निळसर फुग्यावर शिडाचे काम करणारा तुरा असतो, म्हणजे तीही वाऱ्यावरच चालते. फुग्याखाली लोंबणारे तंतू कित्येक मीटर लांब असतात. फळीवरून पडलेला खेळाडू पतंगाच्या जोरावर अंग ओढत पुन्हा फळी गाठू लागला, की ते पायांना वेढतात आणि चाबकाचे फटके बसावेत तसे लाल वळ उमटतात.

हे दुःख दिले कोणी, हा प्रश्न इथे खरोखर अवघड होतो. तंतूंवर सूक्ष्म दंशपेशी असतात. प्रत्येकीच्या आत प्रचंड दाबाखाली गुंडाळलेली विषारी नळी असते आणि स्पर्श व रसायन यांचा इशारा मिळताच ती बाहेर फेकली जाते. जेलीफिशच्या कुळातल्याच हायड्रा या गोड्या पाण्यातल्या जीवात हा स्फोट सुमारे ७०० नॅनोसेकंदांत पुरा होतो, असे मोजले गेले आहे. या क्रियेला मेंदूची आज्ञा लागत नाही. ब्लू बॉटलला मेंदू नाहीच. वाळूवर मरून पडलेल्या ब्लू बॉटलचा तुटका तंतूही डसतो. शिवाय शास्त्रीयदृष्ट्या ती एक प्राणी नव्हे, तर एकाच फलित अंड्यातून वाढलेल्या अनेक घटकजीवांची वसाहत आहे. तरंगणारा एक, डसणारे वेगळे, पचवणारे वेगळे, प्रजोत्पादन करणारे आणखी वेगळे. ग्लॉकस नावाची समुद्री गोगलगाय तर ब्लू बॉटल खाऊन तिच्या दंशपेशी स्वतःच्या अंगात साठवते आणि त्याच शस्त्राने आपले रक्षण करते. ग्लॉकसने केलेल्या दंशाचा कर्ता कोण म्हणावा?

भारतीय विचाराला दुःखाची ही जात नवी नाही. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका त्रिविध दुःखापासूनच सुरू होते. आपल्याच शरीर-मनातून उठणारे आध्यात्मिक, इतर भूतांपासून होणारे आधिभौतिक आणि दैवी शक्तींमुळे होणारे आधिदैविक. तिच्यावरील गौडपादाच्या भाष्यात आधिभौतिक दुःखाच्या कारणांत माणसांबरोबर डास, ढेकूण, मासे आणि मगरीही येतात. थंडी, ऊन, वारा, पाऊस यांचे दुःख आधिदैविकात जाते. या हिशेबाने काइटसर्फरला भोवणारा वारा एका वर्गातला आणि त्याने आणलेली ब्लू बॉटल दुसऱ्या वर्गातली. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तिन्ही तापांना स्वतंत्र समास दिले, पण आधिदैविक तापाचा अर्थ बदलून तिथे मरणोत्तर यमयातना ठेवल्या. ठेच लागणे, काटा मोडणे, किडामुंगी चावणे हे सारे आधिभौतिकात राहिले. ही मांडणी फार मोलाची आहे, कारण रोजच्या जगण्यातली इजा आणि पापाची शिक्षा यांचे समास तिने वेगळे केले.

लोकव्यवहारात मात्र हे दोन्ही सर्रास एक केले जातात. समुद्रात कोणाला काही डसले की ‘कर्माची फळे’ हे शब्द चटकन तोंडी येतात. बौद्ध परंपरेने याला स्पष्ट नकार दिला आहे. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात बुद्ध वेदनेची आठ कारणे सांगतात. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. आठांपैकी कर्म हे फक्त एक. सगळेच सुखदुःख पूर्वकर्माने येते असे म्हणणारे, उघड दिसणाऱ्या गोष्टीच्या पलीकडे जाऊन बोलतात, असा बुद्धांचा आक्षेप आहे. तो मान्य करावाच लागतो. नाहीतर मेंदू नसलेल्या जीवाला न्यायाधीशाचे पद मिळते आणि पाय भाजत असलेल्या माणसावर अपराधाचा आरोप चढतो.

त्याच निकायातल्या सल्ल सुत्तात दोन बाणांचा विचार आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा. दुसरा त्या वेदनेने मनात उठणाऱ्या संतापाचा आणि शोकाचा. काइटसर्फिंगमध्ये हा दुसरा बाण अगदी शब्दशः जीवावर बेतू शकतो. वीस-एक मीटर लांबीच्या दोऱ्यांवर पतंग हवेत असतो आणि त्याचा जोर हातातल्या दांडीवर, म्हणजे बारवर, ठरतो. बार स्वतःकडे ओढला की जोर वाढतो, सोडला की कमी होतो. दंशाने घाबरलेला माणूस स्वभावतः बार घट्ट धरून छातीशी ओढतो आणि पतंग त्याला आणखी वेगाने फरफटत नेतो. ब्लू बॉटलच्या विषाने निरोगी प्रौढाचा मृत्यू क्वचितच होतो. गोंधळामुळे ओढवणारा अपघात त्याहून मोठा ठरू शकतो.

दुःख दिले कोणी, हा प्रश्न पाश्चात्त्य विचारात ईश्वराच्या दयाळूपणावर येऊन ठेपतो. जिवंत सुरवंटाला आतून खाणारी गांधीलमाशी दयाळू ईश्वराने हेतुपूर्वक निर्माण केली, हे आपल्या मनाला पटत नाही, असे डार्विनने १८६० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांना कळवले होते.

मग अशा दंशाला हिंसा म्हणावे का? हिंसेची सर्वांत नेमकी व्याख्या जैन दर्शनात सापडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार, प्रमादयुक्त, म्हणजे बेसावध, प्रवृत्तीने प्राणांचा घात करणे म्हणजे हिंसा. केवळ इजा झाली म्हणून हिंसा सिद्ध होत नाही. तरीही जैन दृष्टी जेलीफिशला यंत्र मानणार नाही. आहार आणि भय यांची उपजत प्रेरणा ती अगदी एकेंद्रिय जीवातही पाहते. इंद्रियांच्या संख्येवर उभ्या असलेल्या तिच्या वर्गीकरणात स्पर्श व रस एवढेच जाणणारे कृमी आणि शंख द्वींद्रिय, तर डोळे असलेले भुंगे चतुरिंद्रिय. ब्लू बॉटल पहिल्या गटाजवळची वाटते. पण बॉक्स जेलीफिशला २४ डोळे असतात, आणि तिच्या एका कॅरिबियन जातीला अडथळे टाळायला शिकता येते, हे २०२३ मध्ये प्रयोगाने दिसले. तेव्हा सगळ्या जेलीफिशना एकाच पायरीवर बसवता येणार नाही.

प्रमादाचा प्रश्न उरतो तो फळीवरच्या माणसाकडे. पाण्यात नकळत सापडलेला जीव फळीच्या कडेने किंवा खालच्या पात्याने चिरला जाऊ शकतो. चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकण्याचा जैन साधूंचा नियम, ईर्यासमिती, इथे तंतोतंत लागू पडतो. पतंग वर चढवण्याआधी भरतीची रेषा चालून पाहावी; तिथे निळे फुगे पडलेले असतील, तर वाऱ्याने ते पाण्यातही आणले आहेत असे धरून त्या दिवशी पतंग गुंडाळून ठेवावा, आणि वाळूतल्या फुग्यांनाही हात लावू नये.