वय, उंची आणि रांग

कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. तीन ते नऊ वयाला मुलांचे तिकीट आणि दहापासून पुढे मोठ्यांचे. प्रवेशद्वारावर जन्मदाखला सहसा कोणी मागत नाही, आईवडील सांगतील ते वय मानले जाते. राइडपाशी मात्र शब्दावर भागत नाही. ‘स्पेस माउंटन’साठी ४० इंच उंची लागते आणि मुलाला पट्टीशेजारी उभे करूनच ती पाहिली जाते. तिथे कोणी हुज्जत घालत नाही, कारण इजा आपल्याच मुलाला होणार असते. वय चोरण्यात तशी भीती नसते.

परदेशात नुकतेच बस्तान बसवणाऱ्या कुटुंबाला हा मोह पडतो, यात नवल नाही. घर अनेकदा एकाच पगारावर चालते, कारण एच-फोर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबीयांसाठीच्या, व्हिसावर आलेल्या जोडीदाराला बहुधा नोकरीची परवानगी नसते. डॉलरला रुपयाने गुणण्याची सवयही सुटलेली नसते. सव्वातीन वर्षांच्या मुलीचे तिकीट शंभर डॉलर किंवा त्याहूनही जास्त पडू शकते. एसटीत सहा वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन ‘पाच पूर्ण नाहीत’ म्हणणारे आईवडीलही पैशांच्या ओढाताणीतूनच तसे म्हणत. अडचण वेगळीच असते. बोटे दाखवून वय सांगायला नुकत्याच शिकलेल्या मुलीला आदल्या रात्री पढवावे लागते, ‘उद्या कोणी विचारलं तर दोन सांग हं.’ कंपनीचे शंभर डॉलर बुडाले, याची फार हळहळ कोणाला वाटणार नाही. मुलीला मात्र आयुष्यातले पहिले खोटे आईबाबांनीच शिकवलेले असते, तेही मौजेच्या दिवशी.

आत गेल्यावर रांग लागते. १९५५मध्ये डिस्नेलँड सुरू झाले तेव्हा प्रवेशाचे आणि राइडचे पैसे वेगळे असत. पुढे राइडच्या कुपनांची पुस्तके आली आणि १९८२मध्ये ती बंद होऊन एकाच तिकिटात सगळे आले. १९९९च्या ‘फास्टपास’मध्ये ठरावीक वेळेला परत येण्याची चिठ्ठी फुकट मिळे. करोनानंतर, २०२१पासून, ही सोय पैसे मोजणाऱ्यांपुरती राहिली. तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांच्या ‘व्हॉट मनी कान्ट बाय’ या २०१२च्या पुस्तकात रांग ओलांडण्याच्या अशा विक्रीवर एक प्रकरणच आहे. देवळातल्या सशुल्क दर्शनाची सवय असलेल्या मराठी माणसाला त्यात नवे काही वाटू नये. ही सोय विकत घेणे खटकू शकते, पण त्यात लबाडी नाही. दर उघड लावलेला असतो.

लबाडी शिरली ती दुसऱ्या दाराने. अपंग पाहुण्यांना आणि त्यांच्यासोबतच्या मंडळींना पूर्वी एका कार्डावर बऱ्याच राइडना लवकर प्रवेश मिळे. न्यूयॉर्कमधली काही श्रीमंत कुटुंबे अपंग व्यक्तींना पैसे देऊन सोबत नेतात आणि रांग टाळतात, अशा बातम्या २०१३मध्ये आल्या. त्याच वर्षी ते कार्ड बंद झाले. त्याऐवजी रांगेत जेवढा वेळ लागला असता तेवढ्या वेळाने परत येण्याची सवलत आली. तिचाही गैरवापर वाढल्याचे सांगत कंपनीने २०२४मध्ये ती मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांपुरती ठेवली. खोटी माहिती देणाऱ्याला कायमची बंदी, असेही जाहीर केले. वरून न दिसणाऱ्या आजारामुळे ज्यांना फार वेळ रांगेत थांबवत नाही, असे अनेक जण यात सवलतीबाहेर पडले. खोटे बोलले कोणी आणि उन्हात उभे राहिले कोणी!

भारतातून आलेल्या आजी-आजोबांपर्यंतही हा प्रश्न पोचतो. इंग्रजीची अडचण असलेल्या, धडधाकट आईवडिलांसाठी विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवण्याची प्रथा आता सर्रास आहे. अनोळखी विमानतळावर हात धरून नेणारे कोणी हवे असते, तेव्हा तिच्यावर फार कठोर होता येत नाही. तीच युक्ती पुढे उद्यानातली रांग टाळण्यासाठी वापरली, की तिच्यामागची गरज संपलेली असते. शिवाय ती फारशी कामालाही येत नाही, कारण बऱ्याच राइडच्या रांगाच व्हीलचेअर जाईल एवढ्या रुंद केलेल्या आहेत.

सरळ मार्गाने मिळणाऱ्या सोयी नवख्यांना माहीत नसतात. मूल उंचीत बसत नसेल तर ‘रायडर स्विच’ मागता येतो. एक पालक राइड घेतो, दुसरा मुलापाशी थांबतो, आणि मग त्या दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता सोडतात. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. काही राइडना एकेकट्याने बसायची तयारी असणाऱ्यांची निराळी रांग असते आणि तीही बहुधा लवकर सरकते. तिकिटांचे दरही तारखेनुसार बदलतात. मुलांच्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार टाळून आठवड्यातला साधा दिवस निवडला, तर मोठ्या कुटुंबाचा खर्च बराच आटोक्यात येतो.