अमानत आणि मालकी

मूल ही अल्लाहची अमानत आहे, असे आपल्या घराघरांतून म्हटले जाते. अकिक्याच्या दिवशी तर हमखास. पण तेच मूल दीड-दोन वर्षांचे झाले, चालू-बोलू लागले, की आपण मालकासारखे वागू लागतो. पोर वाटीत वाटी घालत रमलेले असते. आपण वाटी काढून घेतो आणि 'अशी नाही, अशी' म्हणून दाखवतो. ते खिडकीतून कावळा पाहत असते; आपण हनुवटी धरून त्याचे तोंड वळवतो, "खालाला सलाम कर!" पोट भरले म्हणून त्याने मान फिरवली तरी आणखी एक घास कोंबतो. यात माया नाही असे कोण म्हणेल? मायाच आहे. प्रश्न एवढाच, की दुसऱ्या जिवाची मर्जी न पाहता केलेल्या मायेला काही मर्यादा असावी की नाही, आणि तो जीव दोन वर्षांचा आहे म्हणून ती मर्यादा पुसली जाते का?

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५४-५५ साली युगांडातील खेड्यांत आणि १९६३ नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात घरोघरी जाऊन आया व तान्ही मुले यांचे निरीक्षण केले. मुलाची खूण आईला दिसते का, तिचा अर्थ ती नीट लावते का, वेळेवर प्रतिसाद देते का, हे एक माप त्यांनी लावले. मुलाचे जे चालले आहे ते आई मध्येच तोडते की त्याच्याशी जुळवून घेते, हे दुसरे. मराठीत 'कलाने घेणे' असे आपण सहज म्हणतो. बाईंनी पानेच्या पाने लिहून जे मांडले ते त्या दोन शब्दांत बरेचसे आले आहे. अर्थात कलाने घेणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. पोर पेटत्या शेगडीकडे निघाले तर उचलून बाजूलाच करायचे असते.

आपल्याकडे याला आधार शोधायला दूर जावे लागत नाही. नसाईच्या हदीससंग्रहात आहे की प्रेषित मुहम्मद (स.) नमाज पढवत असता एक सजदा फार लांबला. लोकांना वाटले, काही अघटित घडले किंवा वही उतरते आहे. नंतर त्यांनी सांगितले, की नातू पाठीवर बसला होता आणि त्याला घाईने उतरवणे त्यांना बरे वाटले नाही. वाजांमधून ही हदीस मुलांवरील प्रेमाचा दाखला म्हणून ऐकवली जाते. आम्हाला मात्र तिच्यातला एक शब्द महत्त्वाचा वाटतो. मुलाच्या त्या खेळासाठी तेथे 'हाजत' हा शब्द आला आहे. सगळी जमात सजद्यात खोळंबली असताना मुलाचे खेळणे ही त्याची गरज मानली गेली.

मग हे आयांना सांगावे, एवढेच ना? खरी अडचण येथेच आहे. सांगणारे आधीच पुष्कळ आहेत. दर्समध्ये सांगतात, पालकसभेत आम्ही शिक्षक सांगतो, सासू सांगते, शेजारीण सांगते. दोन खोल्यांचे घर, ठरल्या वेळी येणारे पाणी, आणि पोर अंगभर शिरखुर्मा माखून बसले तर बोल तिलाच. जिच्या हातातले काम दिवसातून दहा वेळा कोणी तरी काढून घेते आणि 'असे नाही, असे' म्हणते, तिला आपण बजावतो की पोराच्या हातातले काढून घेऊ नकोस. तिच्या कानी तो आणखी एक हुकूमच पडतो. ढवळाढवळ करू नये हे ढवळाढवळ करून कसे शिकवणार?

हॉलंडमधील लायडन विद्यापीठात फेमी युफर, मारियन बाकरमन्स-क्रानेनबुर्ग आणि मारिनुस व्हॅन आयझेंडोर्न यांनी जी रीत बसवली, ती आम्हाला यासाठीच पटते. भेटीला आलेली बाई आई व मूल खेळत असताना थोडा वेळ चित्रण करते आणि पुढच्या भेटीत ते आईलाच दाखवते. चुका मोजत नाही. मूल आईकडे पाहून हसले, आई क्षणभर थांबली, तेथे चित्र थांबवते आणि त्या क्षणी मूल काय म्हणत असेल ते मुलाच्या वतीने बोलते. आपल्या मुलाची जाणकार आईच, हे गृहीत धरलेले असते. याच विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली अशा ८८ उपक्रमांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा मोजक्या भेटींचे आणि एकाच गोष्टीवर लक्ष ठेवणारे उपक्रम लांबलचक उपक्रमांपेक्षा गुणकारी ठरले. सल्ल्याचे डोंगर रचणाऱ्या आम्हा मंडळींना हे झोंबायला हवे.

आपल्या वस्त्यांत हे जमेल का? फोन आता बहुतेक घरांत आहे. हयेचा प्रश्न निघेल, आणि तो रास्त आहे. चित्रण तिच्याच फोनमध्ये राहावे, तिला नको असेल तर मुळीच करू नये. अंगणवाडीताई घरी येते तेव्हा वजनाची, लसीची चौकशी होते. त्याच भेटीत तिने पाच मिनिटे शेजारी बसून "बघ, त्याला झाकण स्वतः लावायचंय" एवढे म्हटले तरी पुष्कळ.

कोणी म्हणेल, अशाने तरबियत बिघडेल, मुलाला अदब येणार नाही. अदब मूल पाहून पाहून उचलते. वळवलेल्या हनुवटीने केलेल्या सलामात खालाला काय मिळते, हे खालालाच विचारावे.

आणि घरातल्या पुरुषांना विचारावे, की पोर स्वतःच्या हाताने जेवते आहे, निम्मे सांडते आहे, तेवढ्या दहा मिनिटांत त्याच्या आईला कोणी काही बोलणार नाही, एवढी सोय ते करतील का? सांडलेले पुसायला एखादे फडके तेही हाती घेऊ शकतात.