पहिला गोल कोणाचा?

पुढें काय घडेल हें आधीं जाणण्याची इच्छा मनुष्याइतकीच पुरातन आहे. परंतु त्या इच्छेचा रीतसर बाजार मांडून तिचे भाव घटकेघटकेस ठरविण्याची युक्ति मात्र आपल्याच काळांत इतकी पसरली. हॉकीच्या सामन्यांत पहिला गोल कोणता संघ करील, असा प्रश्न घातला जातो. एका उत्तराची चिठ्ठी सहा रुपयांस, विरुद्ध उत्तराची चार रुपयांस. ज्याचें उत्तर खरें ठरेल त्यास दहा रुपये, दुसऱ्यास शून्य, आणि बाजार चालविणाऱ्याची दलाली निराळी. भाव सहा रुपये म्हणजे शंभरांत साठ संभव, असा हा हिशेब. 'मतांचा व्यापार' असें सोज्ज्वळ नांव धारण करून हा धंदा आपल्याकडे मोबाइलवरून चालत असे, आणि कुडाळच्या शेजारीं वसलेल्या आमच्या पिंगुळीसारख्या गांवींही तरुण मंडळींस तो अपरिचित नव्हता. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळालेल्या कायद्यानें पैशाचे असे ऑनलाइन खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला. खेळणाऱ्यास शिक्षा सांगितली नाहीं.

परंतु एखादी गोष्ट कायद्यानें निषिद्ध ठरली, एवढ्यानें ती निंद्य कां, हें कांहीं कळत नाहीं. अमेरिकेंत तर बर्फावरील हॉकीच्या 'नॅशनल हॉकी लीग' या संस्थेनें ऑक्टोबर २०२५ मध्यें 'काल्शी' व 'पॉलिमार्केट' या दोन बाजारांशीं स्वतः होऊन करार केले. इकडे जो गुन्हा तोच तिकडे करार असेल, तर विचार करणाऱ्यानें दोहोंकडचा निकाल क्षणभर बाजूस ठेवून मूळ प्रश्नास हात घातला पाहिजे.

या बाजाराच्या कैवाऱ्यांचें म्हणणें हंसण्यावारीं नेण्याजोगें नाहीं. ते म्हणतात, ज्ञान हें एका डोक्यांत सांठलेलें नसतें. तें हजारों माणसांत कणाकणानें विखुरलेलें असतें, आणि भाव हा तें गोळा करणारा उत्तम कारकून होय. फ्रीड्रिख हायेक या अर्थशास्त्रज्ञानें १९४५ सालीं हाच विचार सामान्य किमतींविषयीं मांडला होता. आणि आयोवा विद्यापीठानें १९८८ पासून निवडणुकांच्या निकालावर अल्प रकमांचा असा बाजार अभ्यासासाठीं चालविला. अदमास ही विद्या आहे, हें आमच्या पूर्वजांसही ठाऊक होतें. वनपर्वांतील नलोपाख्यानांत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या पानांची व फळांची संख्या सांगतो. नळ झाड पाडून मोजतो, तों ती बरोबर निघते. पुढें याच विद्येच्या बळावर तो गेलेलें राज्य परत जिंकतो.

परंतु बेहड्याच्या झाडावर फळें मोजण्यास होतीं. पहिल्या गोलाविषयीं कोणाच्या पदरीं कोणता ज्ञानकण आहे, कीं जो गोळा करावा? आणि केलाच, तर त्याचा उपयोग काय? एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत पावसावर सट्टा चाले. तो निंद्य होता असें म्हटलें, तरी पाऊस केव्हां येईल हा प्रश्न निदान खरा होता. त्याचें उत्तर मिळालें तर आमच्या गांवचा शेतकरी भाताची लावणी चार दिवस पुढेंमागें करील. पहिला गोल कोणाचा हें सकाळींच कळलें, म्हणून कोणी काय निराळें करणार आहे? तो प्रश्न धड खेळाचाही नव्हे. १९७५ सालीं क्वालालंपुरास विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत पहिला गोल पाकिस्तानचा होता. चषक आपण आणला.

ज्या प्रश्नाचें उत्तर कोणासच ठाऊक नाहीं, त्याचें उत्तर एकाच मनुष्यास ठाऊक असूं शकतें: जो तें मुद्दाम घडवून आणील त्यास. आमच्या मतें खरें विष येथें आहे. सामना हर, असें सांगितल्यास बहुतेक खेळाडूंच्या अंगावर कांटा येईल. पण पहिला गोल तेवढा होऊं दे, पुढें खुशाल सामना जिंक, असें गोलरक्षकाच्या कानांत कुजबुजलें, तर त्याच्या मनास सबब आयती मिळते. देशाचें कांहीं गेलें नाहीं, सोबत्यांचें गेलें नाहीं, मग पाप तें कोणतें? २०१० सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर पाकिस्तानच्या दोघां गोलंदाजांनीं ठरवून नो-बॉल टाकले, ते असेच. पाऊल रेषेच्या किंचित् पुढें पडलें, इतकेंच. पण त्यासाठीं ते दोघे आणि त्यांचा कर्णधार तुरुंगांत गेले. प्रश्न जितका क्षुल्लक, तितकी सदसद्विवेकबुद्धि स्वस्त मिळते. हजार क्षुल्लक प्रश्नांचा बाजार मांडणें म्हणजे तितक्याच ठिकाणीं ती विकत घेण्याची सोय करणें होय.

पैसा माझा आहे, मीं तो हवा तसा उधळीन, असें खेळणारा म्हणेल. पैशाचें आम्ही सोडून देतों. तो जें पाहतो त्याचें काय होतें, तें पाहूं. आमची पिंगुळी ही ठाकर समाजाच्या चित्रकथीची भूमि, तेथील श्री. परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं या कलेसाठीं पद्मश्री जाहीर झाली. रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं चित्रें एकामागून एक उभीं करून चित्रकथी कथा सांगतो. द्यूताचें आख्यान लागलें, तर फांसे कोणाचे पडणार हें समोरच्या पोरासही ठाऊक असतें. तेथें पैज लावण्याजोगें कांहींच उरलेलें नसतें. तरी कोणी उठून जात नाहीं. आणि गंमत अशी, कीं त्या आख्यानाचा प्राणही 'आधीं कोण' याच प्रश्नांत आहे. धर्मराज आधीं स्वतःस हरला, कीं आधीं मला? असें द्रौपदी सभेस विचारविते. त्या 'आधीं'वर एका स्त्रीचें दास्य किंवा स्वातंत्र्य अवलंबून होतें, म्हणून भीष्मासारखा पुरुष निरुत्तर झाला. आमच्या बाजारांतील 'आधीं'वर दहा रुपये अवलंबून असतात, आणि त्याचें उत्तर मिळतांच पाहणाऱ्याचें पाहणें संपतें.

८ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस येथें भारत व स्पेन यांचा कांस्यपदकासाठीं सामना झाला. अठराव्या मिनिटास स्पेननें पहिला गोल केला. पैज लावणाऱ्याचा सामना तेथेंच आटोपला. कोणी पैसे मिळविले असतील, कोणी घालविले असतील. हरमनप्रीत सिंगचे दोन गोल त्यानंतर, तिसाव्या व तेहतिसाव्या मिनिटास झाले. गोलरक्षक श्रीजेश याचा तो अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना होता, आणि साठावें मिनिट संपेपर्यंत त्यानें दुसरा गोल होऊं दिला नाहीं.