कशापेक्षा?

इंग्रजीत तुलना करताना विशेषण स्वतःच रूप बदलतं. टॉल, टॉलर, टॉलेस्ट; शब्द लांबलचक असला तर आधी मोअर आणि मोस्ट; आणि गुड-बेटर-बेस्ट, बॅड-वर्स-वर्स्ट ही पाठच करायची. मराठीत विशेषणाला तुलनेसाठी काहीच लागत नाही. ‘यमुनेपेक्षा गंगा लांब’ म्हणताना ‘लांब’ तसंच राहतं; ‘पेक्षा’ जोडलं जातं ते यमुनेला. संस्कृतात तर-तम होते, ईयस्-इष्ठही होते. यातला ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ मुळात एकच. स्वादिष्ठ आणि स्वीटेस्ट एकाच घराण्यातले. मराठीने ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ हे शब्द ठेवले, पण त्यांतली तुलना विझली. म्हणून तर ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणावं लागतं.

मला मराठीची ही रीत अधिक प्रामाणिक वाटते. ‘बेटर’ एकटं उभं राहू शकतं, घरांच्या जाहिरातीत तर हमखास राहतं. ‘पेक्षा’ला मात्र कुणाचं तरी नाव घ्यावंच लागतं.

दिल्लीत नोव्हेंबर लागला, हवा बिघडली की ‘पेक्षा’आधीच्या या नावाला फार महत्त्व येतं. २०१५ साली आलेल्या हवेच्या निर्देशांकाच्या सहा पायऱ्या आहेत: गुड, सॅटिस्फॅक्टरी, मॉडरेट, पुअर, व्हेरी पुअर, सिव्हिअर. पुअरर नाही, पुअरेस्ट नाही. प्रत्येक शब्द आकड्याला बांधलेला. तरीही शब्द अपुरे पडले. निर्देशांकाने ४५० ओलांडल्यावर राजधानी परिसराच्या कृती आराखड्यात ‘सिव्हिअर प्लस’ येतं. टोकाच्या विशेषणालाही अधिकचं चिन्ह जोडावं लागलं, आणि निर्देशांकाची पट्टी ५०० वर संपते.

माणसं मात्र आकड्यांत जगत नाहीत. काल फोनवर ४२० होते, आज ३६० आहेत. करोल बागेतल्या मराठी घरात कुणीतरी म्हणतं, “आज बरं आहे हो,” आणि मूल मास्क हनुवटीखाली ओढून शाळेच्या बसकडे धावतं. कालच्यापेक्षा बरं, हे खोटं नाही. पण ३६० म्हणजे व्हेरी पुअर. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची २४ तासांची मर्यादा आपल्या देशात घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा १५ वर आणली. तुलना कालच्या हवेशी करायची की या १५ शी, यावर त्या मुलाची फुप्फुसं अवलंबून आहेत.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती: विशेषणांचे तीन रकाने पाठ करून घ्याच, पण ‘दॅन’च्या पुढची जागा मुलांना रिकामी सोडू देऊ नका.